आवक मोफत, जावक सशुल्क

क्लाउडचे मासिक देयक हा अर्वाचीन गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार असून, त्याच्या वाचनाची परंपरा अद्याप वित्त विभागाच्या उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. या गद्यात पात्रे विपुल असतात, कथानक नसते आणि शेवट मात्र दर महिन्याला धक्कादायक असतो. भाड्याने घेतलेल्या संगणकांची रक्कम, साठवणुकीची रक्कम आणि या दोहोंच्या खाली ‘डेटा ट्रान्सफर’ या शीर्षकाने येणारी तिसरी रक्कम असे त्याचे तीन प्रमुख भाग पडतात. पैकी पहिल्या दोन वस्तू कोणी मागवल्या होत्या हे कार्यालयातील कोणालाही सांगता येते, तर तिसरी आपण मागवली नव्हती याविषयी सर्व विभागांत दुर्मीळ असे एकमत आढळते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेले दुसऱ्याचे संगणक तासाच्या किंवा सेकंदाच्या भाड्याने वापरण्याची सोय. नावामुळे ही सोय आकाशात असल्याचा समज होत असला, तरी तिच्या इमारती भूमीवरच असतात, त्यांना वीज लागते आणि त्यांना पत्तेही असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपले एक भारतीय केंद्र पुण्यात उघडले, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने, म्हणजे व्यवहारातल्या एडब्ल्यूएसने, २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच. अशा केंद्रसमूहाला या व्यवसायात ‘रीजन’ म्हणतात. रीजनमध्ये शिरणारा डेटा ती आवक आणि तेथून बाहेर पडणारा डेटा ती जावक, असे म्हटल्यास सरकारी कार्यालयातील दोन नोंदवह्यांशी परिचित असलेल्या वाचकाला अधिक स्पष्टीकरणाची गरज पडू नये. फरक इतकाच, की सरकारी कार्यालयात आवक झालेला कागद बाहेर पडत नाही तो दिरंगाईमुळे, आणि येथे तो बाहेर काढवत नाही तो दरपत्रकामुळे.

हे दरपत्रक आरंभापासून असे एकांगी नव्हते. २००६ च्या मार्चमध्ये एडब्ल्यूएसने एस-३ ही साठवणुकीची सेवा सुरू केली, तेव्हा एक जीबी महिनाभर ठेवण्यास १५ सेंट आणि एक जीबी हलवण्यास २० सेंट असा दर होता, व हलवण्याचा दर येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला समदृष्टीने लागू होता. १ जुलै २०११ पासून इंटरनेटवरून होणारी आवक मोफत करण्यात आली आणि समदृष्टीचा तो कालखंड संपला. प्रवेशद्वारापाशी सुरू झालेले हे औदार्य पुढे इतके वाढले, की २०१६ साली लास व्हेगास येथील वार्षिक संमेलनात कंपनीने एक अवाढव्य ट्रकच व्यासपीठावर आणून उभा केला. ‘स्नोमोबाइल’ नावाच्या या ४५ फुटी कंटेनरची क्षमता १०० पेटाबाइट, म्हणजे सुमारे दहा कोटी जीबी होती, आणि ग्राहकाच्या दारी जाऊन त्याचा सारा संग्रह उचलून क्लाउडमध्ये आणणे हे त्याचे जीवितकार्य होते. २०२४ साली ही ट्रकसेवा बंद झाली. एवढा संग्रह अमेरिकेतील रीजनमधून इंटरनेटमार्गे बाहेर काढायचा, तर सर्वांत स्वस्त टप्प्यातील पाच सेंटांचा दर धरूनही पन्नास लाख डॉलर मोजावे लागले असते, ही बाब मात्र व्यासपीठावर वाहनाच्या आकारामुळे झाकली गेली असावी.

आज मुंबई रीजनमध्ये एक जीबी महिनाभर ठेवण्यास अडीच सेंट पडतात आणि तोच जीबी इंटरनेटवर एकदा बाहेर धाडण्यास १०.९३ सेंट. याचा अर्थ असा, की एखादी फाइल चार महिने कोणाच्याही नजरेस न पडता पडून राहिली तर जेवढा खर्च येतो, त्याहून अधिक खर्च ती कोणीतरी एकदा उघडून पाहिल्याने येतो, आणि ज्या संस्थेच्या संकेतस्थळाकडे कोणी फिरकत नाही तिची आर्थिक स्थिती, निदान या एका शीर्षकाखाली, स्पृहणीय राहते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रीजनमध्ये हाच दर नऊ सेंट आहे, साओ पावलोत पंधरा. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत आहेत, आणि डिसेंबर २०२१ पूर्वी ही मोफत मर्यादा एका जीबीची होती, हे लक्षात घेता प्रगती नाकारता येत नाही. डेटा कोठे चालला आहे याच्याशी मात्र या दराला कर्तव्य नसते; मुंबईतून निघालेले छायाचित्र घाटकोपरला उतरो वा ग्रीनलँडला, रक्कम तीच पडते, कारण ज्याची किंमत घेतली जाते ती प्रवासाची नसून निघण्याची असते.

या दराची उंची समजण्यासाठी एक साधी तुलना पुरेशी आहे. अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरता मुंबईतून एक जीबी बाहेर पाठवणाऱ्या संस्थेला दहा रुपयांहून अधिक खर्च येतो; तोच जीबी लोकलच्या दारात उभे राहून मोबाइलवर पाहणाऱ्या प्रवाशाला, रोज दोन जीबी देणाऱ्या प्रचलित प्रीपेड योजनेत, सहा-सात रुपयांना पडतो. घाऊक ग्राहकाने किरकोळ ग्राहकापेक्षा अधिक भाव द्यावा, हा व्यापाराचा जो प्रकार भाजी मंडईत एक दिवसही टिकला नसता, तो येथे निमूटपणे चालू आहे.

त्याचे कारण मोजमापाच्या पद्धतीत आहे. इंटरनेटच्या घाऊक बाजारात वाहिनीची रुंदी विकली जाते, म्हणजे एका सेकंदात किती मेगाबिट वाहू शकतील यावर महिन्याचे भाडे ठरते आणि त्या मर्यादेत किती डेटा वाहिला याची विचारपूस कोणी करीत नाही. क्लाउड कंपन्या तीच रुंदी घाऊक घेतात, किंवा स्वतःच्याच तारा टाकतात, आणि पुढे ती जीबीच्या मापाने विकतात. सेकंदाला एक मेगाबिटची वाहिनी तीस दिवस अखंड वाहिली तर तिच्यातून ३२४ जीबी जातात. नऊ सेंटांच्या दराने त्यांचे २९ डॉलर होतात, आणि युरोप-अमेरिकेतील मोठ्या केंद्रांत तेवढ्याच रुंदीचे घाऊक भाडे डॉलरच्या आतबाहेर असते. यंत्रसामग्री, देखभाल आणि मनुष्यबळ यांचा खर्च या तफावतीत मिळवला, तरी उरणाऱ्या भागाचे वर्णन करण्यास अर्थशास्त्रात ‘नफा’ हा शब्द आधीपासून उपलब्ध आहे.

महाराष्ट्राला अशा वसुलीची ओळख जकातीमुळे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबईच्या सीमेवर दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथे ट्रकांच्या रांगा लागत आणि शहरात येणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. क्लाउडची व्यवस्था हीच जकात उलट दिशेने घेते. जकात नाक्यावरील ट्रकचालकाजवळ निदान मालाची यादी असे, ती खरी की खोटी यावर तेथे रसाळ चर्चा होई आणि ट्रक तोवर उभा राही. क्लाउडच्या नाक्यावर ना यादी मागितली जाते ना वाहन अडवले जाते, माल विनाअडथळा जातो आणि चर्चा महिनाअखेरीस, मालाच्या अनुपस्थितीत, होते. जकात चुकवण्याची कला एके काळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; येथे ती कला कायदेशीर असून तिला ‘आर्किटेक्चर’ म्हणतात.

रीजनच्या बाहेर पडणे महाग आहे म्हणून आत सुरक्षित आहे, असा समज करून घेणे घाईचे ठरेल. प्रत्येक रीजनचे एकमेकांपासून काही अंतरावर असलेल्या, स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या ‘झोन’मध्ये विभाजन केलेले असते, जेणेकरून एका झोनमध्ये पाणी शिरले किंवा वीज गेली तरी दुसरा चालू राहावा. सावधगिरी म्हणून प्रत्येक प्रणाली दोन किंवा तीन झोनमध्ये पसरवावी, असा उपदेश कंपन्यांच्या सर्व मार्गदर्शिकांत आढळतो. एडब्ल्यूएसमध्ये हा उपदेश पाळणाऱ्याला एका झोनमधून दुसऱ्यात जाणाऱ्या प्रत्येक जीबीमागे एक सेंट द्यावा लागतो, आणि तोच जीबी दुसऱ्या झोनमध्ये पोहोचल्यावर, आल्याबद्दल, आणखी एक. पाठवणारा आणि स्वीकारणारा एकाच संस्थेचे असल्याने दोन्ही सेंट एकाच खिशातून जातात. त्याहून विस्मयकारक तरतूद अशी, की एकाच झोनमधील दोन संगणकांनी एकमेकांशी खासगी पत्त्यावर बोलण्याऐवजी सार्वजनिक पत्त्यावर बोलायचे ठरवले, तर त्यांनाही हाच दर लागतो. आणि प्रणाली उभी करताना कोणीतरी घाईत सार्वजनिक पत्ता लिहून ठेवलेला असल्यामुळे अशी औपचारिक वृत्तीची शेजारी यंत्रे बहुतेक संस्थांत सापडतात.

या अंतर्गत वाहतुकीचे अभ्यासनीय उदाहरण म्हणजे काफ्का. कचेऱ्यांच्या चक्रव्यूहात हरवलेल्या माणसांच्या कथा लिहिणाऱ्या लेखकाचे नाव ज्या प्रणालीला देण्यात आले, ती संस्थेतील एका विभागाचे संदेश दुसऱ्या विभागाला पोहोचवण्याचे काम करते आणि सुरक्षिततेसाठी प्रत्येक संदेशाच्या तीन प्रती तीन झोनमध्ये ठेवते. ती स्वतःच्या सर्व्हरांवर चालवली आणि तिला झोनची जाणीव करून दिली नाही, तर संदेश लिहिणारा तीनपैकी दोन वेळा परक्या झोनमध्ये लिहितो, त्यानंतर दोन प्रती आणखी दोन झोनमध्ये जातात आणि वाचणाराही तीनपैकी दोन वेळा परक्या झोनमधूनच वाचतो. अशा रीतीने एक जीबीचा संदेश सरासरी सव्वातीन जीबींहून अधिक सीमा ओलांडतो आणि साडेसहा सेंटांहून अधिक खर्च करतो. रोज एक टीबी संदेश वाहत असतील तर महिन्याला सुमारे दोन हजार डॉलर केवळ संस्थेने स्वतःशीच केलेल्या पत्रव्यवहारावर जातात. वाचणाऱ्याने जवळच्या प्रतीतून वाचावे, अशी सोय काफ्काच्या २.४ या आवृत्तीत २०१९ च्या डिसेंबरमध्ये आली. ती आपोआप चालू होत नाही, कोणीतरी लिहून चालू करावी लागते, आणि हे ‘कोणीतरी’ कोण, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी पुढील बैठकीपर्यंत तहकूब असतो.

आवक मोफत असते या सिद्धान्तालाही अपवाद आहेत. संस्थेचे जे संगणक बाहेरच्या जगाला दिसू नयेत असे ठरवलेले असते, त्यांना बाहेरून काही आणायचे झाल्यास ‘नॅट गेटवे’ नावाच्या मध्यस्थामार्फत जावे लागते. मुंबईत हा मध्यस्थ तासाला ५.६ सेंट पगार घेतो आणि त्याच्या हातून जाणाऱ्या किंवा येणाऱ्या प्रत्येक जीबीमागे पुन्हा ५.६ सेंट घेतो, म्हणजे मोफत आवकही त्याच्या हातून आली की सशुल्क होते. संस्थेचा संगणक एका रीजनमध्ये आहे, संस्थेच्याच फाइली त्याच रीजनमधील एस-३ मध्ये आहेत, आणि तरीही संगणक त्या फाइली नॅट गेटवेमार्गे मागवतो, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे, की ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण क्लाउडपूर्व काळात रचली गेली यावर विश्वास बसत नाही. दहा टीबींच्या अशा वळशाचे ५६० डॉलर होतात. वास्तविक एस-३ कडे थेट जाणारी ‘गेटवे एंडपॉइंट’ नावाची वाट २०१५ पासून उपलब्ध असून तिला ना तासाचे भाडे आहे ना जीबीचे. ती फक्त मागावी लागते. मोफत वाट मागितल्याशिवाय मिळत नाही आणि सशुल्क वाट न मागता मिळते, हा येथील व्यवहाराचा स्थायिभाव आहे.

दुसरा अपवाद २०२४ च्या एप्रिलमध्ये जगापुढे आला. युरोपातील एका अभियंत्याने प्रयोगासाठी एस-३ मध्ये एक ‘बकेट’, म्हणजे फाइली ठेवण्याचा कप्पा, उघडली आणि दोन दिवसांनी त्याला तेराशे डॉलरांहून अधिक देयक झालेले आढळले. कप्प्यात चाचणीपुरत्या काही फाइलींखेरीज काहीही नव्हते. परंतु एका लोकप्रिय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल नेमके तेच नाव लिहिलेले असल्यामुळे जगभरातील अनोळखी संगणक आपापल्या फाइली तेथे ठेवू पाहत होते, एका दिवसात अशा सुमारे दहा कोटी विनंत्या आल्या, त्या सर्व नाकारण्यात आल्या आणि नाकारण्याचे शुल्क कप्प्याच्या मालकाकडून आकारले गेले. पुढच्याच महिन्यात एडब्ल्यूएसने परक्यांच्या अशा अनधिकृत विनंत्यांवरील आकारणी बंद केली. दारावर थाप मारणाऱ्याचा खर्च घरमालकाने सोसावा हे तत्त्व त्यापूर्वी वर्षानुवर्षे अमलात होते, असा याचा दुसरा अर्थ होतो.

हे सारे देयकात लिहिलेले नसते असे नाही. ते तेथे लिहिलेले असते, प्रश्न लिपीचा असतो. एडब्ल्यूएसच्या दरबारी मुंबई रीजनचे नाव ‘एपी-साउथ-१’ असे आहे. मुंबईतील झोनची खरी ओळख सांगणाऱ्या संकेतांत तेच नाव ‘एपीएस१’ असे आखूड होते. देयकात मात्र मुंबई ‘एपीएस३’ या नावाने वावरते आणि ‘एपीएस१’ हे नाव तेथे सिंगापूरला दिलेले आहे. परिणामी, एकाच कंपनीच्या दोन दस्तऐवजांत एकाच संकेताने दोन देश सूचित होतात, आणि सिंगापूरचा खर्च एवढा का वाढला याची चौकशी करणारा निष्ठावान लेखापाल मुंबईच्या अभियंत्याला दोषी धरून मोकळा होतो. त्यातच झोनच्या शेवटी येणारी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरे अनेक रीजनमध्ये प्रत्येक ग्राहकखात्यासाठी वेगळ्या क्रमाने वाटलेली असतात, कारण सर्वांनी पहिले अक्षर निवडून एकाच इमारतीत गर्दी करू नये. त्यामुळे दोन खाती असलेल्या संस्थेत ‘दोन्ही संगणक ए-मध्येच ठेवले आहेत’ हे विधान शब्दशः खरे आणि अर्थाने खोटे असू शकते. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्य वेचलेल्या संशोधकांची ती पिढी मिळती तर या देयकाची चिकित्सक आवृत्ती निघाली असती. तूर्त त्यावर केवळ स्वाक्षरी होते.

तथापि सर्व दोष दरपत्रकावर ढकलणे शास्त्रीय वृत्तीला धरून होणार नाही, कारण दरपत्रक केवळ भाव सांगते. माल संस्था स्वतः पाठवत असते. जावकेचा शोध घेऊ गेल्यास तिच्यात पुढील वस्तू नियमाने आढळतात. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात दिसण्यासाठी चार हजार पिक्सेल रुंदीचे मूळ छायाचित्र जाते. ‘सर्व ठीक आहे’ एवढाच मजकूर असलेल्या कोट्यवधी लॉग-नोंदी, म्हणजे यंत्रांनी स्वतःविषयी लिहिलेल्या रोजनिशा, बाहेरच्या एका कंपनीकडे विश्लेषणासाठी जातात आणि ती कंपनी त्या स्वीकारण्याचे वेगळे पैसे घेते. तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या प्रकल्पाचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या खंडातील रीजनमध्ये जातो, कारण तो थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेला आहे. एखादा होतकरू विश्लेषक एका सरासरीचा आकडा काढण्यासाठी संपूर्ण सारणी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सरासरी चुकल्याचे लक्षात येऊन पुन्हा उतरवून घेतो. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. प्रत्येकाला वाटते की डेटा आधीच तेथे असतो आणि आपण तो केवळ पाहत आहोत.

ही भूल केवळ होतकरूंना पडते असेही नाही. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा आपल्या उपग्रहांनी टिपलेली पृथ्वीची निरीक्षणे जगातील कोणालाही मोफत देते. हा संग्रह एडब्ल्यूएसच्या क्लाउडमध्ये हलवण्याची योजना आखली गेली, तेव्हा तो ३२ पेटाबाइटांवरून २०२५ पर्यंत २४७ पेटाबाइटांपर्यंत वाढेल असा अंदाज होता. वाढीची एक मोठी वाटेकरी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या भागीदारीतील निसार मोहीम असणार होती, जिचा उपग्रह पुढे ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. २०२० च्या मार्चमध्ये नासाच्या महानिरीक्षकांनी या योजनेचे परीक्षण केले, तेव्हा त्यांनी एक अडचण नोंदवली. नासाच्या स्वतःच्या केंद्रांतून कोणी कितीही माहिती उतरवून घेतली तरी नासाला वेगळे पैसे पडत नव्हते, क्लाउडमधून मात्र प्रत्येक अभ्यासकाने उतरवलेल्या प्रत्येक जीबीचे देयक नासाकडे येणार होते. आणि खर्च आवरण्यासाठी मर्यादा घातली तर विज्ञानाला माहिती कमी मिळण्याचा धोका होता. चंद्रावर जाऊन परत येण्याचे इंधन काटेकोर मोजणाऱ्या संस्थेच्या हिशेबातही परतीच्या भाड्याचा रकाना कच्चा राहू शकतो, ही गोष्ट लहान संस्थांच्या लेखापालांना पुष्कळ धीर देणारी आहे.

उपायांचा विचार करता पहिला उपाय मोजणे हा ठरतो, आणि त्याचीही किंमत असते. कोणत्या संगणकाने कोणाशी किती संभाषण केले याच्या नोंदी ‘फ्लो लॉग’ या सोयीने ठेवता येतात, मात्र त्या नोंदींचे शुल्कही जीबीवरच आकारले जाते, त्यामुळे सर्व काही सदासर्वकाळ नोंदवणाऱ्या संस्थेला खर्चाचे एक नवे कारण अचूकपणे सापडते, ते म्हणजे नोंदी. त्या आठवडाभर चालू ठेवून, सर्वाधिक बोलणाऱ्या दहा जोड्या शोधून मग बंद करणे हे शहाणपणाचे. खर्चाने मर्यादा ओलांडल्यास पूर्वसूचना देणारी यंत्रणाही उपलब्ध आहे, परंतु देयकाचे आकडे काही तासांच्या विलंबाने अद्ययावत होत असल्यामुळे तिच्या सूचनेत वरातीमागून आलेल्या घोड्याचे गुण पूर्णांशाने उतरलेले असतात.

जोड्या सापडल्या की पुढील उपाययोजना बुद्धीपेक्षा चिकाटीची परीक्षा घेते. एस-३ साठी गेटवे एंडपॉइंट मागून घ्यावा. शेजारच्या यंत्रांना खासगी पत्त्यांवर बोलण्यास लावावे. ज्या दोन प्रणाली सतत बोलतात त्यांना शक्यतो एकाच झोनमध्ये बोलू द्यावे आणि दुसऱ्या झोनमध्ये त्यांची पूर्ण जोडी उभी करावी, म्हणजे आपत्तीपासून संरक्षणही राहते आणि रोजचे येणेजाणेही वाचते. बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी सीडीएन, म्हणजे वाचकांच्या जवळ प्रती ठेवणारे वितरणजाळे, वापरावे. एडब्ल्यूएसच्या क्लाउडफ्रंट या जाळ्याकडे मूळ साठ्यातून जाणाऱ्या डेटाला शुल्क नाही आणि तेथून महिन्याला पहिला एक टीबी मोफत आहे. एकदा पोहोचलेली प्रत किती काळ ग्राह्य धरावी हे ब्राउझरला सांगून ठेवावे, अन्यथा तो संस्थेचे बोधचिन्ह प्रत्येक भेटीत नव्याने मागवतो, जणू ते दुपारनंतर बदलण्याची शक्यता आहे.

संक्षेपण, म्हणजे मजकूर न गमावता तो दाबून लहान करणे, हा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत शेवटी आठवणारा उपाय होय. यंत्रे परस्परांत ज्या पद्धतीने बोलतात त्या जेसन रचनेत प्रत्येक नोंदीबरोबर प्रत्येक रकान्याचे नाव पुन्हा लिहिलेले असते, त्यामुळे दहा लाख ग्राहकांची यादी पाठवताना ‘ग्राहकाचे नाव’ हे शब्द दहा लाख वेळा प्रवास करतात. गुगलचे ब्रॉटली २०१५ पासून आणि फेसबुकचे झेड-स्टँडर्ड २०१६ पासून उपलब्ध आहे, दोन्ही मोफत आहेत, आणि असा पाल्हाळिक मजकूर ती निम्म्याहून पुष्कळ लहान करतात. छायाचित्रे व चित्रफिती आधीच दाबलेल्या असल्याने त्यांना पुन्हा दाबून केवळ वीज खर्च होते. त्याहून मूलगामी उपाय म्हणजे डेटा प्रश्नाकडे न नेता प्रश्न डेटाकडे नेणे: सरासरी जेथे सारणी आहे तेथेच काढावी आणि बाहेर एक आकडा पाठवावा. या आकड्याचे वजन काही बाइट भरते आणि तो चुकला तरी परवडतो.

पुरवठादार बदलण्याचा मार्गही खुला आहे. ओरॅकल महिन्याला पहिले दहा टीबी जावक मोफत देते, आणि क्लाउडफ्लेअरच्या २०२२ साली पूर्णत्वाने खुल्या झालेल्या आर-२ या साठवणुकीत इंटरनेटवरील जावकेला शुल्कच नाही. फक्त तेथे संग्रह वापरण्यापूर्वी तो आधीच्या ठिकाणाहून एकदा जावक करून न्यावा लागतो. काटकसरीलाही मर्यादा असावी, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण महिन्याला दोनशे डॉलर वाचवण्यासाठी दोन वरिष्ठ अभियंते दोन महिने गुंतवून ठेवणाऱ्या संस्था अस्तित्वात असून, त्या हा उपक्रम वार्षिक अहवालात बचतीच्या रकान्यात दाखवतात.

या साऱ्या व्यवहारात शेवटी कायद्याने लक्ष घातले. युरोपीय संघाचा डेटा कायदा ११ जानेवारी २०२४ रोजी अस्तित्वात आला आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे स्थलांतर करणाऱ्या ग्राहकाकडून १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचे शुल्क घेता येणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याची पावले ओळखून गुगलने २०२४ च्या जानेवारीत, आणि एडब्ल्यूएस व मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना जावकेचे शुल्क माफ केले. रोजच्या जावकेला ही माफी नाही. संबंध टिकवून ठेवणाऱ्याला प्रत्येक जीबीचे देयक आणि संबंध तोडणाऱ्याला निःशुल्क निरोप, अशी सध्याची स्थिती आहे. त्यासाठीही आधी रीतसर कळवावे लागते, संमती घ्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत, एडब्ल्यूएसच्या बाबतीत साठ दिवसांत, सर्व सामान हलवावे लागते. साठ दिवसांत सर्व सामान हलवायचे, तर आपले सामान कोणते, ते कोठे ठेवले आहे आणि ते कोणाकोणाकडे रोज जाते-येते याची पूर्ण यादी संस्थेजवळ हवी. आणि ज्या संस्थेजवळ अशी यादी असते तिचे जावकेचे देयक आधीच इतके आटोक्यात असते, की तिला सोडून जाण्याचे कारण उरत नाही. ही माफी जाहीर करताना तिन्ही कंपन्यांच्या अर्थविभागांनी फारशी खळखळ केल्याचे कोठे नोंदलेले नाही.